मेळघाटातली पानगळ, कृष्णधवल : प्रकल्पाच्या नोंदी

२२ नोव्हेंबर : जागा आणि झाडांचं वेळापत्रक

कामाचा पट्टा ठरला: परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारा घाट, वरच्या पठारावरचे पॉइंटांकडे जाणारे रस्ते आणि गावांलगतचे ओढे. पठार साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा यादीतून वगळला. सफारीच्या गाडीतून खाली उतरता येत नाही, आणि चार सेकंदांच्या एक्स्पोजरला गाडीत उभा केलेला ट्रायपॉड काही कामाचा नाही.

या कामातला खरा प्रश्न एकच आहे: खोड मागच्या जंगलापासून सुटं दिसलं पाहिजे. डोळ्यांना ते सहज सुटं दिसतं, कारण खोड करडं असतं, गवत पिवळं आणि घाणेरी हिरवी. रंग काढून घेतला की तिन्ही एकाच राखाडीत बसतात आणि फोटोत नुसता काड्यांचा गुंता उरतो. फिल्टर, धुकं, डेव्हलपिंग, प्रिंटिंग यांतलं जे काही पुढे केलं जाईल ते या एका गोष्टीसाठी.

इथली पानगळ सगळ्या झाडांची एकदम होत नाही, त्यामुळे आठवडे झाडांप्रमाणे वाटून घ्यावे लागतात. मोई आणि कांडोळ (काही भागांत कढई किंवा भुत्या) आधी उघडे पडतात. डिसेंबरअखेर कांडोळावर पान नसतं. सालई त्यानंतर. सागाची पानं जानेवारीत तपकिरी होऊन गळायला लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत पाचोळ्याचा थर पडतो. धावडा जानेवारी-फेब्रुवारीत तांबूस होतो. ऐन सगळ्यांत उशिरा पानं टाकतो. म्हणजे डिसेंबरमध्ये उघडा कांडोळ आणि त्याच्यामागे अजून भरलेला, गडद ऐन अशी जोडी मिळते. फेब्रुवारीत ती मिळत नाही, कारण तोवर मागचं जंगलही उजळलेलं असतं.

३० नोव्हेंबर : साहित्य आणि फिल्मची चाचणी

कॅमेरा मामिया आरबी ६७, लेन्स ९० आणि १८० मिमी. १२० च्या एका रोलवर १० फ्रेम. यात बॅटरी नाही, त्यामुळे थंडीत बंद पडण्यासारखं काही नाही. मीटर वेगळा, एक अंशाचा स्पॉट (दृश्याचा तेवढाच छोटा भाग मोजणारा). लेन्स ‘एम’वर ठेवून आधी आरसा उचलायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग केबल रिलीजने शटर सोडायचं. एवढा मोठा आरसा उचलताना बसणारा हादरा १/१५ ते १ सेकंदाच्या पट्ट्यात बारीक फांद्या दुहेरी करतो.

एका सेकंदापलीकडे ‘टी’ (हाताने बंद करेपर्यंत शटर उघडं) वापरावा लागतो, आणि तो बंद करायला लेन्सवरची कडी फिरवावी लागते. नेमका तिथेच कॅमेरा हलतो. वेळ संपली की आधी लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, मग कडी फिरवायची.

फिल्म इलफर्ड एफपी४ प्लस. वारा असेल त्या दिवसांसाठी एचपी५ प्लस. डेव्हलपर आयडी-११, १+१ (एक भाग द्रावण, एक भाग पाणी), २० अंशांना. एफपी४ ला ११ मिनिटं, एचपी५ ला १३ मिनिटं. पहिली दहा सेकंद टाकी चार वेळा उलटायची, नंतर दर मिनिटाला चार वेळा. चाचणीची रीत नेहमीची: एकसारखी राखाडी भिंत मीटरच्या मापाहून चार स्टॉप कमी देऊन घ्यायची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा; झोन म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत टोनाची एकेका स्टॉपची पायरी, मीटरचं माप झोन ५, म्हणून हा झोन १) आणि तिची घनता (फिल्मचा काळेपणा) कोऱ्या फिल्मपेक्षा ०.१० जास्त येते का ते पाहायचं. या टाकीत आणि या थर्मामीटरवर ती १२५ आयएसओला (फिल्मचा ठरलेला वेग) जरा कमी पडते, १०० ला बरोबर बसते. म्हणून पुढची सगळी मापं १०० धरून. प्रत्येकाने आपला आकडा आपणच काढावा. मीटर, शटर आणि थर्मामीटर या तिघांची चूक त्यात एकत्र धरली जाते.

लांब एक्स्पोजरची भरपाई (तेव्हा फिल्म मंदावते म्हणून द्यायचा जादा वेळ) मीटरच्या पाकिटावर चिकटवली आहे. एफपी४ साठी मोजलेल्या सेकंदांचा १.२६ वा घात घ्यायचा: ४ चे सुमारे ६, ८ चे १४, १५ चे ३०, ३० चे ७३.

फोकससाठी दोन आकडे पुरतात. ९० मिमीला एफ/१६ (लेन्सचं लहान छिद्र) वर १० मीटरवर फोकस केला की ५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं तीक्ष्ण. १८० मिमीला तोच आकडा ४० मीटर, म्हणून तिथे जवळचं झुडूप फ्रेममध्ये घ्यायचंच नाही.

१४ डिसेंबर : धुकं

ढग आणि थोडा पाऊस येऊन गेला. रात्री आभाळ निरभ्र, वारा नाही. ओली जमीन रात्रभर उष्णता सोडते, गार हवा उतारावरून ओढ्यांत साठते आणि पहाटे तिथे धुकं धरतं. कोरड्या आठवड्यात नुसत्या थंडीने हे होत नाही. म्हणून तापमानाच्या आकड्यापेक्षा मागच्या दोन दिवसांत पाऊस झाला का, हे पाहून निघणं जास्त उपयोगी. या दिवसांत सूर्योदय पावणेसात ते सातच्या दरम्यान. दाट धुकं त्यानंतर तासाभराहून जास्त क्वचितच टिकतं, आणि विरताना एकसारखं विरत नाही: वरचे शेंडे आधी उघडे पडतात, खोडं नंतर.

धुक्यात खोडं सुटी करण्याचं काम अंतर करतं. कॉन्ट्रास्ट अंतराबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. सुरुवातीलाच झपाट्याने कमी होतो. दृश्यता ६० मीटर असेल तर १५ मीटरवरच्या खोडाचा कॉन्ट्रास्ट जवळपास निम्म्यावर आलेला असतो, ३० मीटरवर पाचव्या हिश्श्यावर. म्हणजे फोटोतला जो गडद टोन आहे तो फक्त पहिल्या दहा-पंधरा मीटरांत मिळतो. मुख्य खोड तिथेच असलं पाहिजे. ते २५ मीटरवर असेल तर प्रिंटमध्ये कितीही ग्रेड (कागदाचा कॉन्ट्रास्ट) चढवला तरी ते धुरकटच राहणार, आणि सोबत फिल्मचे दाणे वर येतील. जागा ठरवताना पावलांनी अंतर मोजून घ्यावं: एक खोड ८ ते १२ मीटरवर, दुसरं २० च्या आसपास, तिसरं ४० ला. तीन टोन, तीन पायऱ्या. चार खोडं एकाच अंतरावर असली तर ती रांग सपाट दिसते.

आजची मापं (आयएसओ १००; ईव्ही म्हणजे मीटरचा उजेडाचा आकडा, एक अंक म्हणजे एक स्टॉप): जवळचा ऐन ईव्ही ७, मागचं धुकं साडेनऊ. फरक अडीच स्टॉप. धुक्याकडे मीटर धरून तोच आकडा वापरला तर धुकं मधल्या राखाडीत येतं आणि फोटो संध्याकाळचा वाटतो. धुकं दीड स्टॉप वर बसवायचं, म्हणजे झोन साडेसहा. मग ऐनाचं खोड आपसूक झोन ४ वर पडतं. ते अजून खाली हवं, पण ते काम डेव्हलपिंगचं. एफ/१६ वर ईव्ही ८ म्हणजे १ सेकंद, भरपाई नगण्य.

फिल्टर लावला नाही. लाल फिल्टर धुकं कापतो हा समज पक्का रुजलेला आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात, त्यामुळे लाल काच तीन स्टॉप खाते आणि धुकं होतं तसंच राहतं. त्या तीन स्टॉपांपायी १ सेकंदाचे ८ होतात, भरपाई धरून १४. तेवढ्यात डोळ्यांना स्थिर वाटणारी बांबूची पातीही हलून जातात.

१५ डिसेंबर : धुक्याच्या रोलांचं डेव्हलपिंग

दृश्याचा पल्ला अडीच-तीन स्टॉपांचाच असल्यामुळे वेळ वाढवली: ११ ऐवजी १४ मिनिटं. सावल्यांची घनता यात फारशी बदलत नाही, उजळ भाग वर चढतो, आणि खोड-धुक्यातलं अंतर एका झोनने रुंदावतं. वेळेच्या जागी हलवणं वाढवू नये. १२० च्या रोलमध्ये जास्त हलवण्याने कडांशी घनता वाढते, आणि एकसारख्या धुक्यात ती कड लगेच उघडी पडते. उलट आळसाने कमी हलवलं तर मधोमध ढगाळ पट्टे येतात. धुकं आणि आभाळ हे दोन विषय डेव्हलपिंगची कोणतीही कसर झाकत नाहीत.

धुक्याचे आणि उन्हाचे फोटो एकाच रोलवर घेऊ नयेत. दोन मागं (कॅमेऱ्याचे फिल्म भरलेले, सुटे होणारे मागचे भाग) ठेवावीत, एकावर ‘+’ आणि दुसऱ्यावर ‘–’ अशी चिकटपट्टी.

२८ डिसेंबर : कांडोळ

या जंगलातलं कृष्णधवलसाठी सगळ्यांत मोलाचं झाड. साल पांढुरकी, गुळगुळीत, कागदी पापुद्र्यांची. खोड जाडजूड आणि फांद्या वाकड्या. उतारावर, खडकांच्या फटींत उभं असतं, त्यामुळे बहुधा ते खालून किंवा समोरच्या काठावरून घ्यावं लागतं. खालून घेतलं की मागे आभाळ येतं आणि पांढरं झाड पांढऱ्या आभाळावर जातं. समोरच्या काठावरून १८० मिमीने घेतलं की मागे उतार आणि गडद ऐन मिळतात. चांगला कांडोळ शोधण्यापेक्षा त्याच्या मागची पार्श्वभूमी शोधायला जास्त वेळ लागतो, आणि तो द्यावा.

प्रकाशाच्या तीन अवस्था मोजल्या.

थेट ऊन: साल ईव्ही १५, ऐनाच्या भेगांमधली सावली ६. नऊ स्टॉप. सालीवर ऊन चमकतं आणि पापुद्र्यांचा सगळा पोत त्या चमकीत जातो. पोलरायझरने चमक थोडी उतरते, पण गोल खोडावर प्रत्येक भागाचा कोन वेगळा असल्याने एक उभी पट्टी विझते आणि बाकी तशीच राहते. अशा प्रकाशात घ्यायचंच झालं तर एक स्टॉप जास्त एक्स्पोजर आणि साडेआठ मिनिटं डेव्हलपिंग. निगेटिव्ह प्रिंट करण्याजोगी होते. दृश्य मात्र कोरडंच राहतं.

झाड सावलीत, मागचा उतार उन्हात: सगळ्यांत फसवी अवस्था. साल ईव्ही ११, मागचं पिवळं गवत १४. डोळ्यांना झाड पांढरंच दिसतं, कारण ते पांढरं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. फिल्मवर ते गवतापेक्षा तीन स्टॉप काळं येतं. इथे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावणं आणखी घातक. सावलीतल्या झाडावर निळ्या आभाळाचा प्रकाश पडतो. फिल्टर तो निळा अडवतो, उन्हातलं पिवळं गवत मात्र जवळपास पूर्ण सोडतो. अंतर तीनचं चार होतं.

दोन्ही सावलीत: हीच वेळ. ऊन डोंगराच्या कडेवरून उतरायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं, किंवा पातळ ढगाचा दिवस. साल ईव्ही १०, ऐन ६. चार स्टॉप, आणि पापुद्र्यांचा पोत पूर्ण शाबूत. साल झोन ७ वर बसवायची, ऐन झोन ३ वर येतो. मगरीच्या पाठीसारखी भेगाळ साल त्या झोनमध्ये भरीव काळी दिसते आणि तपशीलही राहतो. एफ/१६ वर १ सेकंद, ११ मिनिटं, फिल्टर नाही. साधं मोजमाप, पण त्यासाठी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी ट्रायपॉड उभा असावा लागतो, आणि पूर्वेला डोंगर असलेली जागा आदल्या दिवशी होकायंत्राने पाहून ठेवावी लागते.

कांडोळाच्या खोडाचा डिंक काढतात. जुन्या झाडांवर घावांच्या खाचा दिसतात. त्या टाळून फ्रेम लावायची नाही असं ठरवलं आहे. झाडाचा इतिहास त्याच्या सालीवरच आहे.

११ जानेवारी : दूरच्या डोंगररांगा

कोरडी हवा, धुकं नाही, पण दरीत निळसर धूसरपणा. दिसायला धुक्यासारखाच, वागायला वेगळा. इथले कण अतिशय बारीक असल्याने निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि फिल्टर खरोखर काम करतो. लाल (२५ क्रमांक, ३ स्टॉप) लावला की चौथी-पाचवी रांग कातळासकट उभी राहते. निळा (४७) लावला तर उलट: प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा फिकी होते आणि खोली वाढते. जंगलाच्या दृश्यासाठी निळाच बरा. लालने दूरचं सगळं जवळ आल्यासारखं दिसतं आणि पुढची झाडं मागच्या उतारात मिसळतात. ज्याच्याकडे निळा फिल्टर नाही त्याने नुसती फिल्म वापरावी. काही न लावणं हाही निर्णयच आहे.

१९ जानेवारी : दव

पहाटे उघड्यावर ठेवलेली लेन्स आभाळाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरतं. व्ह्यूफाइंडरमधून हे चटकन कळत नाही. चित्र जरा मऊ वाटतं एवढंच. दर फ्रेमआधी टॉर्च तिरपी धरून काच पाहावी. खोल लेन्सहूड आणि वरून टाकलेला कोरडा पंचा यांनी बराच बचाव होतो. काचेवर फुंकर मारू नये, श्वासातली वाफच बसते.

परतताना उलटा धोका. गार कॅमेरा गाडीच्या उबेत उघडला की आतल्या आरशावर आणि फिल्मच्या पाठकागदावरही पाणी धरतं. गाडीत बसण्यापूर्वी झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून हवा काढायची, आणि खोलीवर पोचल्यावर किमान अर्धा तास पिशवी उघडायची नाही.

२ फेब्रुवारी : साग, धावडा आणि फिल्टर

आता रंगाचा खरा उपयोग. सागाची वाळकी पानं तपकिरी-पिवळी, धावडा तांबूस, खोडं करडी. फिल्टरशिवाय पानं आणि खोडं यांत अर्ध्या स्टॉपचाही फरक नाही. ढगाळ प्रकाशात एकाच फ्रेमवर पाहिलेलं:

पिवळा (८, १ स्टॉप): पानं किंचित उजळ, फरक जेमतेम.
नारिंगी (२१, सुमारे २ स्टॉप): सागाची पानं स्पष्ट उजळ, खोडं जागेवर. जंगल आतून उजळल्यासारखं दिसतं. सागासाठी हाच.
लाल (२५): धावडा जवळपास पांढरा. एखादं झाड वेगळं काढायला ठीक, पूर्ण रान पांढरं केलं तर नाटकी दिसतं.
पिवळा-हिरवा (११, २ स्टॉप): घाणेरी आणि बांबूचा उरलेला हिरवा वर येतो, पानं मागे जातात. या जंगलात नको.

डिजिटलवर काम करणाऱ्यांनी रॉ रंगीतच घ्यावी आणि नंतर कृष्णधवल मिक्सरमध्ये नारिंगी-पिवळा वर न्यावा. निळा फार खाली ओढू नये. सावलीतल्या खोडांमध्ये निळ्याचाच अंश जास्त असतो. तो दाबला की तिथे ठिपक्यांचा गोंधळ उठतो आणि फांद्यांच्या कडांना पांढरी रेघ येते.

सागाची पानं मोठी आणि सैल देठांची, झुळकेनेही डोलतात. नारिंगीसह ४ सेकंद लागत असतील तर एचपी५ घ्यावी. तिच्या दोन स्टॉपांच्या वाढीव वेगाने एक सेकंद पुरतो.

१२ फेब्रुवारी : जाळरेषा

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो, त्याआधी वन विभाग जाळरेषा (आग पसरू नये म्हणून ठेवलेले पट्टे) जाळून मोकळ्या करतो. काळ्या पट्ट्यांवर उभी खोडं हा चांगला विषय आहे: जमीन झोन २, खोड ५. पण जाळणी चालू असताना तिथे जाऊ नये, आणि ताज्या राखेत ट्रायपॉड रोवू नये. खाली निखारा राहतो. राख बारीक असते, मागं बदलताना आत जाते आणि प्रिंटच्या आभाळात काळे ठिपके होऊन उमटते.

पळसाला कळ्या आल्या. पानगळीचं मैदानी काम इथे थांबवलं.

२० फेब्रुवारी : पाणी

डार्करूम दर्यापूरला, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी फिल्मला लावण्याजोगं नाही: वाळताना क्षारांचे गोल डाग राहतात, आणि ते नेमके धुक्याच्या गुळगुळीत भागात दिसतात. डेव्हलपर बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात: एका रोलला २५० मिली मूळ द्रावण + २५० मिली पाणी. फिक्सर १+४, चार मिनिटं. धुणं भरून-ओतून: टाकी भरून ५ वेळा उलटणं, नवं पाणी, १० वेळा, नवं पाणी, २० वेळा. शेवटचं पाणी पुन्हा डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंट (पाणी थेंब न राहता ओघळावं म्हणून) २०० ला १. डोस वाढवला तर फेसाचेच डाग पडतात.

छतावरच्या टाकीचं पाणी आता दुपारी २६ अंशांवर जातं. काम पहाटे करायचं, घंगाळात बाटल्या उभ्या करून. २४ अंशांना ११ मिनिटांची वेळ आठच्या आत येते. तिथे अर्ध्या मिनिटाची चूकही दिसते.

८ मार्च : प्रिंट

फायबर कागद, ११×१४ इंच, मल्टिग्रेड. आधी सेफलाइट (कागदाला लागू नये असा डार्करूमचा दिवा) तपासली: कागदाला हलकी राखाडी येईल एवढा उजेड एन्लार्जरखाली देऊन, त्यावर नाणं ठेवून सात मिनिटं. नाण्याचा गोल उमटला नाही. ही तपासणी धुक्याच्या प्रिंटसाठी अत्यावश्यक आहे. थोडासा गळका उजेड आधी फिके टोनच खातो.

धुक्याची निगेटिव्ह दोन ग्रेडांत. ‘००’ ने (सगळ्यांत मऊ) फक्त धुक्याचा टोन ठरवायचा, ‘५’ ने (सगळ्यांत कडक) फक्त जवळच्या खोडाचा काळा. १४ डिसेंबरच्या ऐनाला एफ/८ वर १२ सेकंद ‘००’ आणि ७ सेकंद ‘५’. दुसऱ्या आकड्यात एका सेकंदाचा बदलही खोडात दिसतो, धुक्यात जवळजवळ नाही. म्हणूनच ही रीत इथे सरळ एका ग्रेडपेक्षा बरी.

डेव्हलपर १+९, दोन मिनिटं पूर्ण. टोन आला म्हणून कागद आधी उचलला की काळा चिखलासारखा राहतो. ओला प्रिंट पसंत पडला की एक्स्पोजर ८ टक्के कमी करायचं, कारण फायबर कागद वाळल्यावर गडद होतो आणि कांडोळाची साल सगळ्यांत आधी मळकट दिसते. फिक्सर १+४ एक मिनिट, धुणं ५ मिनिटं, वॉशएड (फिक्सर लवकर धुऊन काढणारं द्रावण) १० मिनिटं, पुन्हा धुणं ५ मिनिटं. या कागदाला खारं पाणी चालतं, शेवटचा तबक मात्र गोड्या पाण्याचा.

१६ मार्च : राहिलेलं

सालईची उघडी झाडं अपुरी आहेत. त्यांची साल हिरवट-पिवळसर, पापुद्र्यांची. नारिंगीने उजळायला हवी, पण चाचणी बाकी. येत्या हंगामात जानेवारीचा तिसरा आठवडा त्यांना. घाटातल्या कांडोळाला पुढच्या वेळी १८० ऐवजी ९० मिमी, समोरच्या काठाऐवजी ओढ्याच्या पात्रातून: डिसेंबरअखेर पाणी इतकं उतरलेलं असतं की खडकावर ट्रायपॉडचे तिन्ही पाय बसतात.